उघड्या तोंडाची गणितं

माझ्या मावशीला दातांच्या दवाखान्यात नोकरी लागली, तेव्हा ती तिथे महिनाभर टिकेल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. रक्त बघितलं की तिला घेरी यायची. शेजारी कुणाची दाढ दुखतेय एवढं कानावर आलं, तरी तिचा हात आपोआप स्वतःच्या गालावर जायचा. पण तिनं ती नोकरी धरली ती धरलीच, आणि त्याचं कारण माझ्या आईला एका वाक्यात सांगितलं, "ताई, तिथे बत्तीसच्या पुढे आकडाच नाही."

मावशीचं आणि गणिताचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं. दहावीला ती गणितात दोनदा गचकली. तिसऱ्या वेळी ऐन परीक्षेच्या सकाळी तिला खराखुरा ताप भरला, तेव्हा आजोबांनी हात टेकले आणि म्हणाले, राहू दे, पोरीच्या जिवापेक्षा भूमिती मोठी नाही. पुढे ती कापडाच्या दुकानात लागली, तर तिथे मीटर आणि सेंटीमीटर. औषधाच्या दुकानात लागली, तर तिथे दिवसाला किती गोळ्या आणि किती दिवस. दोन्ही ठिकाणी तिनं आठवड्याभरात रामराम ठोकला. लग्न झालं ते रंगारी काकांशी. भिंतीला किती रंग लागेल हे मला कधी विचारायचं नाही, असं तिनं त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. काकांनी आजतागायत विचारलेलं नाही.

दवाखाना दोन खोल्यांचा होता. बाहेरच्या खोलीत दोन बाकं, पानं सुटलेली चार मासिकं आणि काचेच्या पेटीत एकटाच फिरणारा एक मासा. आतल्या खोलीत ती खुर्ची. डॉक्टर दातावर काम करत असताना मावशीनं शेजारी उभं राहायचं, दिवा नीट धरायचा, लाळ ओढायची नळी पेशंटच्या तोंडात ठेवायची आणि दाढेत भरायचं सिमेंट कालवून द्यायचं. रक्ताचं काय करायचं ते तिनं स्वतःच शोधून काढलं. ती नळीकडे बघायची, तोंडाकडे बघायचीच नाही.

डॉक्टर मनानं चांगले होते, पण बोलणं तुसडं. मोठ्या माणसांना ते चालून जायचं. लहान मुलं मात्र दारातूनच गळा काढायची. खुर्चीत बसवलेल्या प्रत्येक मुलाला डॉक्टर एकच गोष्ट सांगायचे, दुखलं तर हात वर कर, मी थांबेन. हे सांगणं म्हणजे त्यांनी आपल्याच पायावर मारून घेतलेला धोंडा होता. मशीन सुरू व्हायच्या आधीच हात वर. थांबायचं. पुन्हा सुरू, पुन्हा हात वर. एका दाढेला दीड तास लागायचा, आणि बाहेर बसलेल्या पेशंटांची दुखणी वाट बघून बघून आपोआप बरी व्हायची.

एका सोमवारी सात वर्षांची एक मुलगी आली. आदल्या आठवड्यात ती डॉक्टरांच्या बोटाला कडकडून चावली होती. पट्टी अजून बोटावरच होती, आणि दवाखान्यात तिचं नाव चावरी पडलं होतं. त्या दिवशी तिनं चावायचा विचार सोडून दिला होता, पण हात मात्र दर दोन सेकंदांनी वर. डॉक्टरांचे कान लाल व्हायला लागले. ते एकदा लाल झाले की पुढचा सगळा दिवस मावशीला बोलणी खावी लागायची. तिच्या तोंडून काकुळतीनं निघून गेलं, "अगं, हात वर करायचाच आहे तर काहीतरी कामाचा कर. चार आणि तीन किती?"

चावरीचं तोंड उघडं होतं, त्यात नळी होती, बोलणं शक्य नव्हतं. तिनं डोळे वर छताकडे नेले. क्षणभर विचार केला आणि हळूच सात बोटं उभी केली. तेवढ्यात डॉक्टरांचं मशीन पाच सेकंद चालून गेलं होतं, आणि तिला पत्ता नव्हता. मावशीनं लगेच विचारलं, नवातून चार गेले? पाच बोटं. दोनातून दोन गेले? यावर चावरी जरा थांबली आणि तिनं मूठ आवळून डॉक्टरांच्या नाकासमोर धरली. डॉक्टर दचकून मागे सरले. मावशी म्हणाली, शून्य म्हणतेय ती.

दाढ वीस मिनिटांत भरून झाली. चूळ भरून झाल्यावरही चावरी खुर्चीतून उतरेना. तिला अजून चार प्रश्न हवे होते.

त्या दिवसापासून मुलाच्या तोंडात नळी गेली की मावशीचे प्रश्न सुरू व्हायचे. मुलं जाऊन एकमेकांना सांगायची, आणि पुढचं मूल आत येतानाच बोटं मोकळी करत यायचं. नियम मुलांनीच ठरवले. मूठ म्हणजे शून्य. बोट वाकवलं तर अर्धं. एकाचा हात प्लास्टरमध्ये होता, त्यानं पाचाच्या आतली उत्तरं असलेलीच गणितं मागितली, आणि मावशीनं ती दिली. डॉक्टर पहिले काही दिवस गप्प राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की दिवसाला तीन मुलांऐवजी आठ मुलं होतायत, आणि ते जास्तच गप्प राहिले.

अडचण आली ती एका अकरा वर्षांच्या मुलाची. मावशीनं त्याला सहा आणि तीन विचारलं. त्यानं नऊ बोटं दाखवली ती अशी, की जणू तिनं त्याला दुधाची बाटली देऊ केली होती. दुसऱ्या प्रश्नाला त्यानं हातच उचलला नाही. तिसऱ्याला उचलला तो दुखतंय म्हणून. मोठ्या मुलांना मोठी गणितं हवी होती, आणि उत्तर तर दहा बोटांत बसायला हवं. असली गणितं आणायची कुठून? मावशीला मोठी गणितं सोडवता येत नव्हती. रचणं तर दूरच.

त्या संध्याकाळी ती एक्स-रेची रिकामी पाकिटं घेऊन बसली आणि पेन्सिलीचं टोक चावत राहिली. मी तेव्हा तिच्याकडे राहायला गेले होते. काका समोर ब्रश धूत होते. बराच वेळ त्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं, कारण घरात गणितावर बोलायला बंदी होती. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"उत्तर किती हवंय तुला?"

मावशी म्हणाली, समजा आठ.

"मग आठापासून उलटं चाल ना. डब्यात रंग किती उरलाय ते मी आधी बघतो, आणि मग कुठली भिंत घ्यायची ते ठरवतो."

मावशीनं पाकिटावर आठ लिहिला. आठाला सातानं गुणलं, छप्पन्न झाले. छप्पन्नमध्ये चव्वेचाळीस मिळवले, बरोबर शंभर झाले. मग तिनं ते उलट्या बाजूनं वाचलं. शंभरातून चव्वेचाळीस वजा करा, उरेल त्याला सातानं भागा. उत्तर आठ. तिनं ते तीनदा वाचलं. मग मला सोडवायला दिलं, मग काकांना दिलं. दोघांचंही उत्तर आठ आलं, तेव्हा ती खुर्चीत मागे टेकून बसली. म्हणाली, शाळेत प्रश्न आधी यायचा आणि उत्तर कधी यायचंच नाही. इथे उत्तर आधीच आपल्या मुठीत, मग घाबरायचं कशाला?

त्या दिवशी तिनं अकरा पाकिटं भरली. जेवण करायचं राहिलंच. आम्ही पाव आणि चहावर भागवलं, आणि काका तक्रार न करता जेवले, कारण त्यांच्या शब्दाला घरात एवढी किंमत पहिल्यांदाच आली होती.

आता दवाखान्यात वेगळीच पंचाईत सुरू झाली. डॉक्टर मनातल्या मनात गणितं सोडवायला लागले. एकदा मावशीनं एका मुलीला विचारलं, एकोणपन्नास भागिले सात, त्यात दोन मिळव. मुलीनं नऊ बोटं दाखवली. डॉक्टर मास्कच्या आतून पुटपुटले, सात. मुलीनं नऊ बोटं जोरात हलवली. डॉक्टरांनी मशीन बंद केलं आणि ते तिला समजावायला लागले, की सात साती एकोणपन्नास, म्हणून सात. मुलगी तोंड उघडं ठेवूनच घशातून काहीतरी ओरडत होती. मावशीनं खाली बघत सांगितलं, डॉक्टर, दोन मिळवायचे राहिले. डॉक्टरांनी मशीन पुन्हा सुरू केलं. संध्याकाळी त्यांनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं, की उद्यापासून पाकिटं मला सकाळीच दाखवत जा.

बाहेरच्या खोलीतही गर्दी वाढली होती. दात कसे घासायचे ते दाखवायला डॉक्टरांकडे एक मोठा खोटा जबडा होता, त्यातले दात सुटे व्हायचे. मावशीनं तो बाहेर ठेवला. एकानं डोळे मिटून मूठभर दात काढायचे, हातात किती आलेत ते मोजायचं, आणि दुसऱ्यानं जबड्याकडे न बघता सांगायचं की आत किती उरले. मुलं त्या जबड्यावर तुटून पडायची. एक दिवस डॉक्टर एका बाईंना तो जबडा दाखवत होते, तेव्हा बाकावरचा एक मुलगा शांतपणे म्हणाला, एकतीसच आहेत. हरवलेली दाढ दोन दिवसांनी माशाच्या पेटीत सापडली. मासा तिच्याभोवती फिरत होता.

मग मुलं दात दुखत नसतानाही यायला लागली. एका आईनं सांगितलं की आमच्या मुलाची दाढ दर बुधवारी दुखते. डॉक्टरांनी चार बुधवार तपासली, चारही वेळा दाढ ठणठणीत. इथपर्यंत गंमत होती. पण चावरीच्या आईनं एक दिवस तिला दंडाला धरून आणलं आणि सांगितलं, की हिनं पंधरा दिवस दातांना ब्रश लावलेला नाही. कीड लागावी म्हणून. खुर्चीत बसायला मिळावं म्हणून.

डॉक्टरांचे कान असे लाल झालेले मावशीनं कधी पाहिले नव्हते. पण ते ओरडले नाहीत. चावरीला बाहेर पाठवून ते म्हणाले, "बाई, मी दात वाचवायला बसलोय. दात किडवून पाढे शिकणारी पिढी मला नको."

मावशी घरी आली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाणारच नाही, असं तिनं काकांना सांगितलं. काकांनी ते ऐकून घेतलं आणि सकाळी तिचा डबा भरून दारात ठेवला. ती गेली, आणि डॉक्टरांनी काही म्हणायच्या आधीच तिनं म्हणून टाकलं, की दर बुधवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास बाहेरची खोली मला द्या. दारात मी प्रत्येकाचे दात बघेन. स्वच्छ असतील त्यालाच आत घेईन, आणि त्यालाच गणित मिळेल. डॉक्टरांनी थोडा विचार केला आणि विचारलं, जीभ पण बघणार का? मावशी म्हणाली, जीभ पण.

पहिल्या बुधवारी दारात रांग लागली. मुलं ओठ मागे खेचून, दात विचकून उभी. रस्त्यानं जाणारी माणसं थबकून बघायची, हा काय प्रकार आहे. चावरीला मावशीनं दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तिच्या दातांत दिवा दिसेल असे ते चमकत होते.

अशी दोन वर्षं गेली. मी मावशीची सख्खी भाची, पण तोवर ती अख्ख्या गावातल्या मुलांची मावशी झाली होती. बुधवारी तिच्याकडे गेलं की मलाही आधी दात दाखवावे लागायचे.

मुलांच्या शाळेत गणिताचे एक सर होते. चौथीपासूनचे सगळे वर्ग त्यांच्याकडे. आवाज खडा, मिशी जाड, आणि चुकलेल्या उत्तरावर लाल शाईनं अशी फुली मारायचे की पुढच्या तीन पानांवर तिचा वळ उमटायचा. बुधवारच्या प्रकाराबद्दल त्यांच्या कानावर आलं होतं. बोटांवर मोजणं म्हणजे गणिताची थट्टा आहे, असं ते शाळेत म्हणाले होते. मुलांनी ते मावशीला जसंच्या तसं येऊन सांगितलं, आणि तिला त्या सरांची न बघताच धास्ती बसली.

नेमके तेच एका बुधवारी, मुलं बाकांवर दाटीवाटीनं बसलेली असताना, गालाला रुमाल बांधून दारात आले. खोलीतला आवाज बंद झाला. पेटीतला मासासुद्धा थांबला, असं चावरी नंतर सांगायची. गाल एवढा सुजला होता की डॉक्टरांनी नंबर न बघता त्यांना आत घेतलं. दाढ काढावी लागणार होती. घाईत आतलं दार अर्धवट उघडं राहिलं.

इंजेक्शनची सुई दिसली आणि सरांचा हात वर गेला. डॉक्टर थांबले. सुई पुन्हा पुढे आली, हात पुन्हा वर. पाच वेळा असं झालं, आणि डॉक्टरांनी मावशीकडे बघितलं. मावशीनं मानेनंच नाही म्हटलं. डॉक्टर बघतच राहिले. शेवटी तिनं देवाचं नाव घेतलं आणि विचारलं, पण पाकिटं बाहेर राहिली होती, डोकं रिकामं होतं, आणि जे पहिलं तोंडात आलं तेच निघालं, "सर, सात आणि पाच किती?"

बोलल्यावर तिच्या लक्षात आलं, की उत्तर बारा आहे आणि माणसाला बोटं दहा. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इकडे सरांनी डोळे छताकडे लावले. दोन्ही हातांची दहा बोटं वर आली. मग ते थबकले. आणि मग, सावकाश, त्यांनी चकचकीत बुटांसकट दोन्ही पाय खुर्चीतून वर उचलले.

तेवढ्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलंही होतं.

अर्ध्या उघड्या दारातून तीसेक डोळ्यांनी हे पाहिलं. कुणी हसलं नाही. एवढंच ऐकू आलं, की एका लहानग्यानं दुसऱ्याला कुजबुजत विचारलं, पाय पण चालतात का?

दाढ निघाली. डॉक्टरांनी सरांच्या तोंडात कापसाचा बोळा दिला, तो अर्धा तास घट्ट चावून धरायला सांगितला आणि अजिबात बोलायचं नाही असं बजावून बाहेरच्या बाकावर बसवलं. सर मुलांच्या मधोमध बसले. आयुष्यात पहिल्यांदा वर्ग समोर होता आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

मग प्लास्टरवाल्या मुलानं, त्याचा हात कधीच बरा झाला होता, एक पाकीट उचलून घाबरत घाबरत त्यांना एक गणित वाचून दाखवलं. सरांनी चार बोटं दाखवली. बरोबर. दुसऱ्यानं विचारलं. सहा बोटं, एक वाकवलेलं. मुलांनी पाकिटाशी ताडून बघितलं, साडेपाचच होतं. सरांना तो नियम कुणी सांगितला नव्हता. मग सगळे तुटून पडले. सरांना चुकवायचं म्हणून मुलं तिथेच नवी गणितं रचायला लागली, आणि दहाच्या आत उत्तर यायला हवं म्हणून उलट्या बाजूनं चालायला लागली. चुकीचं गणित आलं की सर दोन्ही हात फैलावून खांदे उडवायचे, आणि रचणारा पाकीट घेऊन कोपऱ्यात दुरुस्तीला पळायचा. मावशी दाराआडून बघत होती.

शेवटी चावरी उभी राहिली. ती आता चौथीत होती, म्हणजे सरांच्याच वर्गात.

"सर, आपल्या वर्गात किती जणांना तुमची भीती वाटते?"

सरांनी तिच्याकडे बघितलं. दहा बोटं उघडली, मिटली. पुन्हा उघडली, मिटली. तिसऱ्यांदा उघडली, मिटली. मग चार. वर्गाचा पट चौतीसचा होता.

"चूक," चावरी म्हणाली. "तेहतीस. मला नाही वाटत."

सरांच्या मिशीखालून जो आवाज आला तो हसण्याचा होता, हे कळायला मुलांना थोडा वेळ लागला. कापसाचा बोळा उडून समोरच्या बाकाखाली गेला, आणि डॉक्टरांना नवा बोळा द्यावा लागला.

त्यानंतर सर काही एकदम गोडबोले झाले नाहीत. लाल शाईही सुटली नाही. पण तासाची पहिली दहा मिनिटं ते तोंड मिटून फळ्यावर गणितं लिहायला लागले, आणि वर्गानं बोटांनी उत्तर द्यायचं. कुणाचं चुकलं तर ते त्याला आणि सरांनाच दिसायचं, मोठ्यानं कुणी काही म्हणायचं नाही. महिन्याभरानं ते स्वतः दवाखान्यात आले, आधी दात दाखवून, आणि मावशीला म्हणाले, की तुम्ही शाळेत येऊन आमच्या बाकीच्या शिक्षकांना हे जरा समजावून सांगा.

मावशीनं नाही म्हणायच्या सतरा सबबी काढल्या. शेवटी सरांना वाईट वाटू नये म्हणून गेली. अकरा शिक्षक समोर, मागे फळा, आणि हातात खडू. काय बोलायचं ते ती सगळं विसरली, आणि दवाखान्यातली सवय तेवढी उरली. ती म्हणाली, "सगळ्यांनी आ करा."

अकरा शिक्षकांनी आ केला. त्याच वेळी मुख्याध्यापिका आत आल्या. आत येऊन त्यांनी एक रिकामी खुर्ची ओढली, बसल्या आणि त्यांनीही आ केला. मग मावशीला धीर आला.

दहावीचं गणित तिनं पुन्हा दिलं नाही. द्यावं असं सरांनी सुचवलं, काकांनी सुचवलं, मीही सुचवून बघितलं. ती म्हणते, तिथे ते लोक प्रश्न आधी देतात. बुधवार मात्र चुकत नाही. मध्यंतरी मी तिला विचारलं, की आता तरी गणित आवडतं का. ती म्हणाली, गणिताचं काही सांगता येत नाही बाई. पण गणित घातलं की मुलं उत्तर शोधायला वर बघतात, ते मला फार आवडतं. सगळीच्या सगळी छताकडे बघतात. आणि आमच्या छताचे पोपडे निघालेत, ओल धरलीय, मला लाज वाटते.

मागच्या महिन्यात तिनं डॉक्टरांच्या मागे लागून दोन दिवस दवाखाना बंद ठेवायला लावला. काका शिडी आणि डबे घेऊन गेले. कुठला रंग द्यायचा यावर तिघांचं एकमत होईना, म्हणून बुधवारच्या मुलांना विचारलं, आणि मुलांनी हात वर करून निकाल दिला. छत आता फिकट निळं आहे. काका सांगतात, की दोन डबे पुरले आणि थोडा उरलाही. किती उरला ते त्यांनी मावशीला सांगितलेलं नाही.